पीएलसी की डीसीएस? आधी सिग्नल मोजा

संभाजीनगरजवळ वाळूज किंवा शेंद्र्यात रसायनाचा प्लांट टाकताय? मग कंट्रोल सिस्टीमचं कोटेशन मागवण्याआधी पी अँड आयडी ड्रॉइंग (पाइप आणि उपकरणांचा नकाशा) पुढ्यात घ्या आणि ट्रान्समीटर (तापमान, दाब मोजून सिग्नल पाठवणारी उपकरणं), वाल्व्ह, मोटारी यांचे सिग्नल एकेक करून मोजा. वर 20 टक्के जागा वाढीसाठी धरा. दोन-तीन रिअ‍ॅक्टरचं बॅचचं काम असेल तर पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आणि स्काडा (प्लांट पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा पुरतं. शेकडो लूप (माप घेऊन त्यानुसार वाल्व्ह हलवणाऱ्या साखळ्या) अखंड चालणार असतील तर डीसीएस, म्हणजे अख्ख्या प्लांटचं कंट्रोल एकत्र बांधणारी मोठी सिस्टीम, बघा.

माझा खरा आग्रह इंटरलॉकचा, म्हणजे धोका दिसताच काम आपोआप रोखणाऱ्या सोयीचा आहे. रिअ‍ॅक्टर तापला की फीड (आत जाणारा कच्चा माल) तोडणारा इंटरलॉक रोजच्या कंट्रोलरवर टाकू नका. त्याचा सेन्सर, लॉजिक, वाल्व्ह सगळं वेगळं हवं. आणखी एक: 4 ते 20 मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये (4 म्हणजे सर्वांत कमी माप, 20 म्हणजे सर्वांत जास्त) वायर तुटली की करंट शून्यावर येतो. सिस्टीमने ते 'तापमान उतरलं' असं समजून वाफ वाढवली तर घात होईल. म्हणून प्लांटवर माल येण्याआधी, व्हेंडरच्या शॉपमध्येच, टर्मिनलची वायर काढून अलार्म येतो का ते स्वतः उभं राहून बघा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, बंद पॅनलच्या आत तर त्याहून जास्त. कंट्रोलर किती अंशांपर्यंत चालतो, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. लाइट गेल्यावर यूपीएस किती मिनिटं टिकेल, तेही.