जर्मन आरमाराचा जरीपट्टा: बक्कल आधी पालथं घाला

गेल्या डिसेंबरात भाच्याने हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून एक जुना जरीपट्टा आणला, म्हणजे जर्मन नौदल अधिकारी समारंभात कमरेला बांधत तो जरीचा पट्टा. गोल सोनेरी बक्कल, त्यावर पानांच्या माळेत दोर गुंडाळलेला नांगर. मुरगावात बुडालेल्या ‘एहरनफेल्स’ या जर्मन जहाजावरच्या नौदल अधिकाऱ्याचा पट्टा, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ‘मामा, खरा आहे का बघा,’ म्हणाला. म्हापशाला आमचं सोनाराचं दुकान आहे. धातूची वस्तू हातात आली की मी आधी तिची पाठ बघतो.

अस्सल बक्कल पोलादी ठशाखाली दाबून केलेलं असतं. दहापट भिंगातून दोराचा पीळ वेगळा दिसतो, पानांच्या शिरा धारदार असतात. नकली माल बहुधा ओतीव. खरं बक्कल साच्यात दाबून त्यात धातू ओततात, तेव्हा कडा बोथट होतात आणि पाठीवर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. शिवाय धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ मालापेक्षा किंचित लहान भरते. खात्रीच्या बक्कलाशी कॅलिपरने ताडून बघा. भाच्याच्या बक्कलाच्या पाठीवर, हुकाच्या मुळाशी, अशी सात भोकं मी मोजली.

मग मुलामा. वापरातल्या वस्तूचं सोनं उंचवट्यांवरून आधी जातं आणि खोलगट भागात टिकतं. सगळीकडे सारखाच काळपटपणा दिसला तर तो मुद्दाम चढवलेला समजा.

काळ ठरवताना बक्कलावरचं चिन्ह आणि पट्ट्याची जरीची पट्टी एकत्र वाचा. मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ आणि रोमन दोन असेल तर तो जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मचा काळ, 1888 ते 1918; त्या पट्टीच्या रुपेरी जरीत काळ्या-तांबड्या रेघा असतात. क्रीग्समरीनच्या, म्हणजे 1935 ते 1945च्या नाझी काळातल्या जर्मन नौदलाच्या, अधिकाऱ्यांच्या जरीत गडद निळ्या रेघा आणि बक्कलावर नुसता नांगर व माळ. त्याच बक्कलावर कोणी ठळक स्वस्तिक दाखवलं तर मी ते खाली ठेवतो. हातोडा, कंपास आणि धान्याच्या ओंब्या असतील तर पट्टा पूर्व जर्मनीचा, युद्धानंतरचा. तोही जमवण्यासारखा असतो, पण त्याला युद्धकाळातल्या पट्ट्याची किंमत देऊ नका.

पाठीवरच्या कारखान्याच्या छापावर मी फार विसंबत नाही. ‘एफ.एल.एल.’ म्हणजे जर्मनीतल्या ल्यूडेनशाइड गावचा फ्रीडरिख लिंडन हा कारखाना, हे नकली माल करणाऱ्यालाही ठाऊक असतं. ‘आर.झेड.एम.’ हा मात्र नाझी पक्षाच्या साहित्य-खात्याचा छाप. नौदलाच्या बक्कलावर तो दिसला की सावध व्हा.

कापडाची परीक्षा रात्री करा. दिवे मालवून नोटा तपासायची जांभळी बत्ती पट्टीवर आणि शिलाईच्या दोऱ्यावर मारा. झगझगीत निळसर उजळलं तर दोऱ्यात कापड शुभ्र दिसावं म्हणून घालतात ती युद्धानंतरची चकाकी-द्रव्यं आहेत. एक पळवाट आहे: जुनी पट्टी अलीकडे साबणपावडरीने धुतली असेल तरीही ती उजळते. म्हणून आतल्या बाजूचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. भाच्याच्या धाग्याचा मणी झाला.

आणि ‘एहरनफेल्स’? ते जहाज ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचं मालवाहू. पोर्तुगीज गोवा तटस्थ म्हणून ते मुरगावात आसऱ्याला थांबलं होतं. 9 मार्च 1943 ला कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश स्वयंसेवक पलटणीच्या माणसांनी त्यावर हल्ला केला आणि ते बुडालं. व्यापारी जहाजावरचे खलाशी नौदल अधिकाऱ्याचा समारंभी पट्टा बांधत नसत. असली कहाणी ऐकली की मी किंमत वाढवत नाही, उलट भिंग काढतो.

खरा पट्टा हाती लागला तर आपल्या हवेपासून जपा. पितळ चामड्याला टेकतं तिथे मेणचट हिरवा थर येतो. तो लाकडी काडीने हळूच खरवडा. समया घासतो तशी चिंच किंवा बिंबलं लावू नका, पातळ मुलामा त्यात निघून जातो. पावसाळ्यात बक्कल आणि पट्टी सुटी करून, धुतलेल्या सुती कापडात वेगवेगळी गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. जुलैत मी दर पंधरा दिवसांनी बदलतो.