जुन्या पेट्रोल पिकअपचं टायमिंग: चोर्ल्याच्या चढाला लागण्याआधी या चुका टाळा

खानापूर-जांबोटी पट्ट्यात काही घरांत महिंद्राची जुनी पेट्रोल जीप अजून दारात उभी असते, मागं हौदा बसवून पिकअप केलेली. आमच्या घरीही अशीच एक आहे. चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं हरिकेन इंजिन. अशी गाडी ओढेनाशी झाली की बहुतेकांचा हात पहिल्यांदा डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगना पाळीनं ठिणगी वाटणाऱ्या भागावर जातो. तो फिरवला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ बदलते. क्लॅम्प सैल केला, बॉडी जरा फिरवली, आयडलिंगचा आवाज चढला की "झालं बघा" म्हणून बोल्ट आवळला.

मीही तेच केलं होतं. अंगणात गाडी सुरेख चालली, बेळगावपर्यंतही चालली. गोव्यात भाजी उतरवून येताना हौद्यात नारळ भरले आणि केरीहून चोर्ला घाट चढायला लागलो. तिसऱ्या गिअरमध्ये टकटक सुरू झाली, डब्यात खडे हलवल्यासारखी. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजत असतील असं समजून मी ॲक्सिलरेटर दाबतच राहिलो. वर पोहोचेपर्यंत मागून निळा धूर यायला लागला. इंजिन उघडलं तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली. उद्यमबागेत नेऊन बोअर करून घ्यावं लागलं. डिस्ट्रिब्युटर बोटभर जास्त फिरवल्याची एवढी किंमत मोजावी लागली.

असं का होतं ते नीट समजून घ्या. रिकाम्या आयडलिंगला सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं असतं आणि ते सावकाश जळतं. त्यामुळं ठिणगी लवकर पडली तर आरपीएम चढतो आणि कानाला बरं वाटतं. चढावर थ्रॉटल उघडलं की सिलिंडर भरतो, जळणं वेगात होतं आणि पिस्टन वर येत असतानाच दाब शिगेला पोहोचतो. उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, तीच ती टकटक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि केरी जवळजवळ पायथ्याला. खाली हवा दाट आणि गरम, म्हणून नॉकिंगही, म्हणजे ही टकटक, तिथं जास्त. आपल्याकडच्या सपाट रस्त्यावर गप्प असलेली गाडी घाटाच्या पायथ्याला बोलायला लागते. कानावर टायमिंग लावू नका, असं मी कळकळीनं सांगतो ते यासाठीच.

पॉइंट न बघता टायमिंगला हात लावणं

ही चूक चांगले मेस्त्रीही करतात. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते. त्याची टाच शाफ्टवरच्या कॅमवर घासून झिजते आणि गॅप कमी होत जातो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग आपसूक रिटार्ड होतं, ठिणगी उशिरा पडते. गाडी जड वाटायला लागते, सायलेन्सर तापतो, पेट्रोल जास्त लागतं. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर फिरवून ॲडव्हान्स केला, म्हणजे ठिणगी लवकर आणली, आणि पुढच्या महिन्यात कुणी पॉइंट बदलून गॅप बरोबर केला, की तो ॲडव्हान्स गरजेपेक्षा जास्त होऊन बसतो. म्हणून आधी फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पॉइंटचा गॅप २० थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर करून घ्या. प्लगचा गॅप ३० थाऊ. टायमिंग सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट. डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणारा रोटर काढून त्याखालचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. बुश झिजून खडखडत असेल तर गॅप दर फेरीला बदलतो. मग टायमिंग कितीही वेळा लावा, टिकणार नाही. आधी बुश बदला.

खूण एक, फेऱ्या दोन

चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) दोनदा फिरतो, त्यामुळं टायमिंगची खूणही दोनदा समोर येते: एकदा कॉम्प्रेशनवर, एकदा एक्झॉस्टवर. चुकीच्या फेरीवर डिस्ट्रिब्युटर बसवला तर गाडी सुरूच होत नाही, नुसती कार्ब्युरेटरमधून फटाके मारते. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरा. दाब अंगठा ढकलायला लागला की ती कॉम्प्रेशनची फेरी. वायरींचा क्रम १-३-४-२.

हरिकेनला खूण टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या, आधी ५ अंशांवर हवी. खुणा गंजानं दिसत नसतील तर घासून खडूची रेघ ओढा. टायमिंग लाईट नसेल तर १२ व्होल्टचा साधा बल्बही चालतो. एक वायर कॉईलवरून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चारही प्लग काढा, कॉईलची मधली जाड वायर बॉडीला अर्थ करा, इग्निशन चालू ठेवा आणि हँडलनं इंजिन त्याच्याच दिशेनं हळू फिरवा. पॉइंट उघडताक्षणी बल्ब लागतो. तो बरोबर खुणेवर लागायला हवा. खूण थोडी पुढं गेली तर तेवढंच मागं आणू नका. बरंच मागं घ्या आणि परत पुढं या, नाहीतर गिअरमधली ढील फसवते. उशिरा लागत असेल तर डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटरच्या उलट दिशेला किंचित फिरवा, लवकर लागत असेल तर रोटरच्या दिशेला. काम झालं की इग्निशन लगेच बंद करा, कॉईल तापते.

टायमिंग लाईट वापरत असाल तर आयडलिंग कमी ठेवा. आरपीएम जास्त असला की डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं उघडून आपणहून ॲडव्हान्स देतात आणि माप खोटं येतं. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची नळी आहे, तिथं ती काढून तिचं तोंड बंद करा. शेवटी रेस देऊन बघा: खूण सरसर सरकायला आणि रेस सोडल्यावर परत जागेवर यायला पाहिजे. अडकत असेल तर वजनं गंजलेली असतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीत हे मी अनेकदा बघितलंय.

सगळा दोष टायमिंगचा नसतो. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येतं. त्यानं नॉकिंग वाढत नाही, पण कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि जुने रबरी पाइप फुगतात. चढावर गाडी धक्के देत असेल तर आधी तिकडे बघा. आणि तुमची पिकअप डिझेल असेल, टाटा २०७ सारखी, तर तिथं ठिणगीच नाही. ते टायमिंग डिझेल पंपाचं, काम निराळं.

हँडल मारून गाडी सुरू करणाऱ्यांनी अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावं. टायमिंग जास्त ॲडव्हान्स असलं की हँडल उलटं फिरतं, आणि अंगठा आडवा धरला असेल तर मनगट जातं. गरम इंजिनवर सेल्फ अडकत अडकत फिरत असेल, तर तीही याचीच खूण.

क्लॅम्प आवळल्यावर परत एकदा बल्ब लावून बघा, आवळताना बॉडी सरकते. नवे पॉइंट घातले असतील तर ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. नवी टाच सुरुवातीला लवकर बसते.