चप्पल विकणाऱ्याला अ‍ॅफिलिएट नेटवर्कचा भरवसा कधी वाटतो?

अ‍ॅफिलिएट नेटवर्क म्हणजे दुकानदार आणि त्याच्या मालाच्या लिंका आपल्या साइटवर लावणारे भागीदार यांना जोडणारा मधला दुवा; लिंकवरून विक्री झाली की भागीदाराला कमिशन. तुम्ही असं नेटवर्क चालवत असाल, तर कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्याला क्लिकच्या आकड्यांचं कौतुक नसतं, हे ध्यानात ठेवा. पार्सल परत आलं तर कमिशनचं काय, हा त्याचा पहिला प्रश्न. म्हणून करारातच लिहा: ऑर्डर पडली की कमिशन प्रलंबित, माल पोचून परतीची मुदत संपली की मंजूर. चपलेत मापावरून परती होतातच, आणि कॅश ऑन डिलिव्हरीत गिऱ्हाईक दारातूनच पार्सल माघारी धाडतं. १५०० रुपयांच्या जोडावर १० टक्के म्हणजे १५० रुपये. पण किंमत जीएसटी आणि कुरिअर धरून की वगळून, हेही आधीच ठरवा.

मग दुकानदाराच्या शेजारी बसून दोन चाचणी ऑर्डर टाका. एक पूर्ण करा, एक रद्द. क्लिक आयडी (प्रत्येक क्लिकला मिळणारा ओळख क्रमांक) ऑर्डरला चिकटला का, रक्कम जुळते का, बघा. घोळ बहुधा रद्द ऑर्डरीत असतो. विक्रीची नोंद यायची सोय केलेली असते, रद्द झाल्याची बऱ्याचदा राहून जाते.

बराच पैसा कूपनवाल्या भागीदारांकडे गळतो. गिऱ्हाईक चप्पल कार्टमध्ये टाकून कूपन शोधायला बाहेर जातं, कूपनच्या साइटवर क्लिक करून परत येतं आणि शेवटचा क्लिक म्हणून कमिशन त्या साइटला मिळतं. क्लिक आणि ऑर्डर यांतलं अंतर तपासा. एकाच भागीदाराच्या बहुतेक ऑर्डर क्लिकनंतर मिनिटभरात पडत असतील, तर त्याचा दर कमी करा किंवा फक्त नव्या गिऱ्हाइकावरच कमिशन ठेवा.

काही भागीदारांची दुसरी चलाखी: दुकानाच्याच नावावर गुगलमध्ये जाहिरात लावून आयतं गिऱ्हाईक पळवायचं. अशी माणसं बऱ्याचदा कोल्हापूर शहर वगळून किंवा फक्त रात्री जाहिरात लावतात, त्यामुळे मालकाला ती दिसतच नाही. पुण्या-मुंबईतल्या कुणाला तरी मोबाइलवर दुकानाचं नाव शोधायला सांगा, तेही रात्री.

भागीदार काय लिहितात तेही वाचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय; रेक्झिनच्या मालाला कुणी ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हटलं, तर बोल दुकानदाराला लागतो.

नामंजूर ऑर्डरींची यादी कारणासकट दरमहा तुम्हीच दुकानदाराला पाठवा, त्याने विचारायच्या आत. आणि त्याने एखादी ऑर्डर नाकारली, तर त्याच्याकडूनही कारण घ्या. नाहीतर चांगले भागीदार गुपचूप दुसऱ्या दुकानाच्या लिंका लावतात.