ब्रिटनमधल्या जुन्या घराची लाकडी जमीन उबदार कशी करावी

पहिल्या महायुद्धाआधी बांधलेल्या इंग्लिश घरांत तळमजल्याची जमीन बहुधा वाड्यातल्या कडीपाटासारखी असते: कड्या आणि वर फळ्या. फरक एवढाच की खाली खोली नसते, हातभर पोकळी आणि माती असते. बाहेरच्या भिंतीतल्या जाळीदार विटांमधून, म्हणजे एअरब्रिकमधून, त्या पोकळीत वारा खेळतो आणि कड्या कोरड्या राहतात. पाय गारठतात म्हणून एअरब्रिक बुजवणारे पुष्कळ आहेत. मग भिंतीत रुतलेली कड्यांची टोकं कुजतात. वारा खालीच राहू द्यायचा, फक्त फळ्यांच्या फटींतून वर येऊ द्यायचा नाही. त्यासाठी फळ्या उचलून कड्यांच्या मधे मिनरल वूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची जाड गादी) भरायचं, खालून ते पेलायला एक मेम्ब्रेन (पातळ कापडासारखा पडदा) आणि वरून हवा अडवायला दुसरं.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी, काढा, फळ्यांवर खडूने नंबर घाला. फळ्या एकमेकींत खाचेने अडकवलेल्या असतील तर पहिलीची जीभ (शेजारच्या फळीच्या खाचेत शिरलेली कड) कापावी लागते. करवत फळीच्या जाडीपेक्षा खोल लावू नका. लगेच खाली पाइप किंवा वायर असते.

आता ओल तपासा. कडीच्या टोकात स्क्रूड्रायव्हर सहज रुतला, किंवा ओलावा मोजायच्या मीटरवर 20 टक्क्यांवर आकडा आला, तर काम तिथेच थांबवा. बाहेरचा मातीचा किंवा फरशीचा थर एअरब्रिकच्या वर चढलाय का, पन्हळ गळतेय का, ते आधी पाहा. इंग्लंडच्या नियमांनुसार जमिनीच्या दर चौरस मीटरला 500 चौ. मिमी किंवा बाहेरच्या भिंतीच्या दर मीटरला 1500 चौ. मिमी, यांतलं जे जास्त भरेल तेवढी उघडी जाळी लागते. 14 चौ. मीटरच्या खोलीला, बाहेरची भिंत 4 मीटर असेल तर, 7000 चौ. मिमी. जुन्या मातीच्या जाळ्या तेवढं क्वचितच देतात.

माल मोजताना बहुतेकांचं खालचं मेम्ब्रेन कमी पडतं. ते कड्यांवरून खाली-वर पसरतं. कडी 50 मिमी रुंद, 100 खोल आणि मध्यापासून मध्यापर्यंत अंतर 400 असेल, तर दर 400 मिमीला 600 मिमी मेम्ब्रेन जातं. म्हणजे 14 चौ. मीटरला 21, शिवाय जोडांवर 150 मिमी चढ. हे खालचं मेम्ब्रेन वाफ बाहेर सोडणारंच हवं.

ते प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन कड्यांमधल्या जागेत, झोळीसारखं सोडून कड्यांना स्टेपल करा. झोळी कडीच्या तळाखाली लोंबू नये. मिनरल वूल गाळ्यापेक्षा 10 मिमी रुंद कापा, म्हणजे घट्ट बसेल. पण जाडी दाबू नका, ऊब वूलमध्ये कोंडलेल्या हवेमुळेच टिकते. शेवटची कडी आणि भिंत यांच्यात दोन-तीन बोटांची फट असते. तिथे पट्ट्या कोंबा. गार वारा सर्वांत जास्त तिथूनच वर येतो. कडक फोमच्या पाट्या जुन्या वाकड्या कड्यांत कधीच नीट बसत नाहीत, आणि खालून फवारलेला फोम कुजकं लाकूड झाकून टाकतो. दोन्ही टाळा.

वूलखाली राहिलेले पाण्याचे पाइप आता पूर्वीपेक्षा गार पडतील, त्यांना आवरण घाला. वायर वूलमध्ये गाडली तर तापते. इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. पॉलिस्टायरीन (थर्माकोल) वापरलंच तर पीव्हीसी वायरला टेकू देऊ नका, आवरण कडक होऊन तडकतं.

वरून हवा आणि वाफ अडवणारं मेम्ब्रेन अंथरा, जोडांना टेप लावा, कडा भिंतीवर चढवून चिकटवा आणि स्कर्टिंगमागे दाबा. वरचं-खालचं उलटं झालं तर ओल मधेच अडकते. फळ्या स्क्रूने बसवा, खिळ्यांनी नको, आणि पाइपवरच्या फळ्यांवर पेन्सिलीने खूण करा.