तयार रॉड घ्यावा की बांधून घ्यावा?

गळाने मासे धरण्याच्या छंदात थोडे मुरल्यावर दुकानातला तयार रॉड वापरत राहावे की कारागिराकडून आपल्या मापाचा रॉड बांधून घ्यावा, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. बांधून घेतलेला म्हणजे आपोआप वरच्या दर्जाचा, असे धरून चालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची निवड तिथूनच चुकायला लागते. माझ्या मते कसोटी एकच ठेवावी: सध्याचा रॉड कोणत्या कामात, नेमका कुठे कमी पडतो, हे तुम्हाला दोन-तीन वाक्यांत लिहून काढता येते का? येत असेल तर बांधून घेण्यात अर्थ आहे. येत नसेल तर कारागीर तुमच्या वतीने अंदाज करणार, आणि तसा अंदाज तयार रॉड बनवणाऱ्या कंपनीने आधीच, बहुधा अधिक चाचण्या घेऊन, केलेला असतो.

कोणताही रॉड म्हणजे मुळात एक ब्लँक, अर्थात गाइड (दोरी ओवायची कडी), मूठ आणि रीळ सीट (दोरी गुंडाळायचे रीळ जिथे बसते ती जागा) बसवण्याआधीची निमुळती पोकळ नळी. कार्बन किंवा ग्लास फायबरचे राळेत भिजवलेले कापड पोलादी दांड्यावर गुंडाळून, वरून पट्टी आवळून, भट्टीत तापवून ती तयार होते. रॉड बांधणारे बहुतेक कारागीर ब्लँक स्वतः बनवत नाहीत, ते विकत घेतात. काही कंपन्या तर आपले उत्तम ब्लँक सुटे विकतच नाहीत, ते त्यांच्या तयार रॉडमध्येच मिळतात. त्यामुळे बांधून घेतल्याने ब्लँक अधिक चांगला मिळेल अशी खात्री धरू नये. कार्बनपुढे लिहिलेल्या 24, 30, 40 टन या आकड्यांवरूनही निवड करू नये. तो आकडा तंतूचा ताठपणा सांगतो, ताकद नव्हे. ताठ तंतूमुळे कमी मालात हलका ब्लँक बनवता येतो हे खरे, पण अशा पातळ भिंतीच्या नळीला होडीच्या काठावर आपटल्याचा किंवा जड शिसे लागल्याचा मार कमी सोसतो.

खरा फरक पडतो तो गाइड आणि मूठ यांत.

तयार रॉडमध्ये गाइडच्या जागा एका मॉडेलसाठी एकदाच ठरतात, आणि स्वस्त मॉडेलमध्ये खर्च वाचवण्यासाठी एखादे गाइड कमीही केलेले आढळते. ढोबळ हिशेब असा की जितके फूट लांबी, तितकी गाइड आणि शिवाय टोकाचे एक. पण संख्येपेक्षा जागा महत्त्वाची, आणि ती तपासता येते. मूठ पक्की धरून किंवा बांधून ठेवावी, दोरी सर्व गाइडमधून ओवावी आणि ती ओढून रॉड मासा लागल्यासारखा वाकवावा. मग बाजूने पाहावे. दोरी ब्लँकच्या वळणाबरोबर गेली पाहिजे; दोन गाइडांमध्ये ती सरळ ताणली जाऊन एखाद्या गाइडपाशी तीव्र कोन करत असेल, तर सगळा ताण त्या एका जागी येतो. रीळ आणि गाइड वरच्या बाजूला असलेल्या बेटकास्टिंग रॉडवर दोरी ब्लँकला घासते का, तेही पाहावे. चांगला कारागीर हे काम प्रत्येक रॉडवर, तुमचेच रीळ लावून, गाइड टेपने तात्पुरती चिकटवून आणि पुढेमागे सरकवून करतो. रॉडखाली बसणाऱ्या स्पिनिंग रिळावरून दोरी मोठ्या वेटोळ्यांनी सुटते, म्हणून पहिल्या गाइडची उंची आणि अंतर स्पूलच्या, म्हणजे रिळावरच्या दोरीच्या फिरकीच्या, आकारावर अवलंबून असते. तुमचे रीळ मोठ्या स्पूलचे असेल आणि रॉड लहान रिळासाठी आखलेला असेल, तर फेक आखूड पडते आणि दोष मात्र हाताला दिला जातो.

टोकाकडच्या गाइडचे वजन तर मुठीतल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जाणवते. तिथे एखादा ग्रॅम कमी झाला तरी रॉड वाकल्यावर लवकर स्थिरावतो आणि हलका टोचा हाताला कळतो. म्हणून बांधून घेताना टोकाकडे लहान, एका पायाची (ब्लँकवर बांधायची धातूची पट्टी एकच असलेली) गाइड मागावीत. पण तुम्ही ब्रेडला (विणलेल्या दोरीला) जाड लीडर (गळाजवळचा दोरीचा वेगळा तुकडा) जोडत असाल तर ती गाठ त्या गाइडमधून अडखळल्याशिवाय जाते का, हे आधी प्रत्यक्ष ओवून पाहावे.

मुठीच्या बाबतीत तयार रॉड एका सरासरी शरीराचा विचार करतो. ज्यांचे हात फार लांब किंवा आखूड आहेत, ज्यांची पकड सांधेदुखीमुळे कमी झाली आहे, त्यांना या एका कारणासाठी बांधून घेतलेला रॉड मोलाचा ठरतो, आणि अशांनी तो घ्यावाच असे मी आग्रहाने म्हणेन. माप घेणे सोपे आहे. रीळ लावून रॉड नेहमीसारखा धरावा आणि मूठ हाताच्या खालच्या बाजूने टेकवावी. एका हाताने फेकणाऱ्याच्या बाबतीत तिचे शेवट कोपराच्या जरासे पुढे आले तर रॉडला आधार मिळतो. त्याहून बरेच पुढे आले तर ते कपड्यात अडकते आणि बरगड्यांना लागते. दोन्ही हातांनी लांब फेक करणाऱ्याने मात्र दोन मुठींमधले अंतर साधारण खांद्यांच्या रुंदीइतके धरून सुरुवात करावी.

ब्लँकच्या कण्याबद्दल, म्हणजे नळीची जी बाजू किंचित अधिक ताठ असते तिच्याबद्दल, बरेच बोलले जाते. कणा जुळवल्याने मासा खेळवताना रॉड हातात पिळत नाही, हा समज बरोबर नाही. गाइड वर असली की दोरीचा ताण त्यांना खाली ओढू पाहतो, आणि पीळ त्यामुळे बसतो. त्याचा त्रास होत असेल तर गाइड वरून सुरू करून एका बाजूने वळवत पोटाकडे नेणारी सर्पिल मांडणी मागावी. केवळ कणा जुळवला म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

तयार रॉडच्या बाजूनेही बरेच काही आहे. तो घेण्याआधी हातात धरून पाहता येतो, आवडला नाही तर सोडता येतो, मोडला तर तोच पुन्हा मिळण्याची शक्यता असते, हमी एकाच ठिकाणी असते आणि विकायचा झाला तर गिऱ्हाईक मिळते. दुसऱ्याच्या हाताच्या मापाचा रॉड घ्यायला फारसे कोणी तयार नसते. नवशिक्याने, तसेच आज तळ्यात आणि उद्या समुद्रावर गळ टाकणाऱ्याने तयार रॉडच घ्यावा. मात्र तो पारखून घ्यावा. आपले रीळ सोबत नेऊन लावावे आणि तोल पाहावा. मुठीकडून एक डोळा मिटून टोकापर्यंत नजर टाकली की वाकडे बसलेले गाइड लगेच दिसते. कापसाचा बोळा प्रत्येक गाइडच्या कड्यातून फिरवावा. तंतू अडकला तर तिथे तडा आहे आणि तो दोरी कापणार. जोड लावून हलवावा, रीळ सीट पिळून पाहावी. टोक हाताने धरून रॉड वाकवू नये, कारण तसा कोन मासा कधीच देत नाही आणि ब्लँक तिथे मोडतो.

बांधून घ्यायचे ठरले तर कारागिराला कागदावर द्यावे: रीळ कोणते, दोरी कोणती, लूरचे (कृत्रिम आमिषाचे) वजन किती ते किती, फेक किनाऱ्यावरून की होडीतून, आणि सध्याच्या रॉडची तक्रार काय. रीळ सीटच्या आत पोकळी भरायला काय वापरणार, हे विचारावे. नुसती कागदी टेप गुंडाळून दोन्ही टोके सरसाने बंद केली नाहीत तर पाणी शिरते आणि काही काळाने सीट फिरू लागते. ब्लँकची हमी त्याच्या उत्पादकाची असेल तर बांधणीची जबाबदारी कोणाची, हेही लिहून घ्यावे. इपॉक्सीचे थर देऊन, रॉड मोटरवर फिरवत ते वाळवण्यात दिवस जातात, तेव्हा घाई करू नये. धाग्याची नक्षी हवी असल्यास ती मुठीजवळ ठेवावी. टोकाकडे ती निव्वळ वजन वाढवते.

अनेकांना मात्र नवा रॉड लागतच नाही. तक्रार एकाच गोष्टीची असेल तर आवडीच्या तयार रॉडची मूठ आखूड करून घेता येते, मागे वजन बसवून तोल साधता येतो किंवा पुढची गाइड बदलून घेता येतात. हे काम घरी करायचे झाल्यास गाइड काढताना पाते फक्त गाइडच्या धातूच्या पायावर, वरच्या बाजूने चालवावे आणि मग धागा उलगडावा. पाते ब्लँकवर लागले तर उठलेला ओरखडा डोळ्यांना दिसतही नाही, पण पुढे भार आल्यावर रॉड नेमका तिथेच मोडतो.