पोटाची सवय बदलली तर काय बघायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की रोज सकाळी एकदा पोट साफ झालंच पाहिजे. दिवसातून 3 वेळा पासून आठवड्यातून 3 वेळा पर्यंत काहीही नॉर्मल असू शकतं, फक्त जास्त कुंथावं लागू नये आणि नंतर मोकळं वाटावं. म्हणून जावेशी किंवा शेजारच्या काकूंशी तुलना नको, तुमचं स्वतःचं सहा महिन्यांपूर्वी कसं होतं त्याच्याशी करा. वर्षानुवर्षं चहा झाला की जाणारा माणूस आता चार-चार दिवस जात नाही किंवा दिवसातून पाच वेळा पळतोय, याला बदल म्हणायचं.

किती वेळा जाता यापेक्षा कसं होतं ते बघा. डॉक्टर यासाठी ब्रिस्टल चार्ट वापरतात, त्यात 7 प्रकार आहेत. 1 आणि 2 म्हणजे लेंड्या, किंवा लेंड्या एकमेकींना चिकटून झालेला कडक गठ्ठा, म्हणजे मल आतड्यात खूप वेळ पडून राहिला आणि त्यातलं पाणी शोषलं गेलं. 3 आणि 4 चांगले, 5 म्हणजे मऊ तुकडे, 6 लगद्यासारखं आणि 7 म्हणजे नुसतं पाणी. नंबर लक्षात ठेवलात तर डॉक्टरकडे लाजत वर्णन करत बसावं लागत नाही.

आता कारण शोधा, बऱ्याचदा ते घरातच सापडतं. रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे खाण्याच्या बाजारात, गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचं कीस, वर रबडी असं सगळं झालं आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं तर बहुतेक वेळा ते दोन-तीन दिवसांत आपोआप बसतं, तोवर ओआरएस घेत राहा, पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, आणि मीठ अंदाजाने टाकू नका. श्रावणातल्या उपासांत उलटं होतं, साबुदाणा आणि बटाटा यांत फायबर नावालाच, पाणीही कमी जातं, मग खडा होतो. औषधंही बघा, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी, ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या औषधांनी कडक होतं, डायबिटीसच्या मेटफॉर्मिनने पातळ होऊ शकतं, अँटिबायोटिकनेही होतं. थायरॉईड कमी पडला की बद्धकोष्ठ, वाढला की वारंवार शौचाला. मनाने गोळी बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

बद्धकोष्ठ असेल तर जेवणानंतर दहा मिनिटांत जाऊन बसायची सवय करा, पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं. कमोड असेल तर पायाखाली छोटा स्टूल घ्या. इसबगोल चांगलं, पण भरपूर पाण्यासोबतच, कोरडं घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. सोनामुखीची चूर्णं महिनोन् महिने चालू ठेवणं मला अजिबात पटत नाही, त्यांच्यावर पोट साफ होत राहतं आणि खरं कारण मागेच राहून जातं.

आता रक्ताचं, इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरीन. आपल्या घरांमध्ये रक्त दिसलं की मूळव्याध असं ठरवून टाकतात, मलम येतं, तिखट बंद होतं आणि वर्ष निघून जातं. मूळव्याधीत बहुतेक न दुखता ताजं लाल रक्त पडतं, फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराला चीर पडलेली असते तेव्हा, शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, हे खरं, पण आतड्याच्या कॅन्सरमध्येही न दुखता रक्त जाऊ शकतं आणि एखाद्याला मूळव्याध आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात. नुसत्या वर्णनावरून कोणी सांगू शकत नाही, तपासावंच लागतं. बीट खाल्लं तर लाल आणि लोहाच्या गोळीने काळपट हिरवं दिसतं, तेवढं आधी आठवून बघा.

डॉक्टरकडे जायचं ते असं: बदल तीन आठवड्यांहून जास्त टिकला, रक्त किंवा आव पडते, जाऊन आल्यावरही अजून आहे असं सतत वाटतं, झोपेतून उठून पळावं लागतं, न ठरवता वजन उतरलं, थकवा आहे आणि हिमोग्लोबिन कमी निघालं. यातलं एकही असलं तरी जा. आई-वडील, भाऊ-बहीण कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरशी बोला. वय कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, पन्नाशीच्या आतही होतो.

आणि थांबायचंच नाही असं कधी, तर पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वारासुद्धा सरत नाहीये, किंवा डांबरासारखं काळं चिकट, घाण वासाचं होतंय, किंवा खूप रक्त जाऊन चक्कर येतेय, किंवा जुलाबात लघवी होईनाशी झालीय. मग सरळ इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलची किंवा जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी, अगदी मध्यरात्रीसुद्धा. ताप आणि रक्त दोन्ही असलेल्या जुलाबात जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका.

अंथरुणावर असलेल्या आजी-आजोबांचं एक वेगळं असतं. आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी गळत राहतं, घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत, बंद व्हायची गोळी देतात आणि खडा आणखी घट्ट बसतो. बरेच दिवस नीट शौच नाही आणि मग अचानक कपडे खराब व्हायला लागले तर हीच शंका घ्या, डॉक्टरांना घरी बोलवा.

जायच्या आधी आठ-दहा दिवस कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवा, किती वेळा, कोणता नंबर, रक्त, दुखणं, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डॉक्टर बोटाने तपासतील, एखादं मिनिट लागतं, नाही म्हणू नका, बायकांना लेडी डॉक्टर हव्या असतील तर तसं आधीच सांगा. कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघायची तपासणी, सांगितली तर आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करायचं औषध असतं, तोच भाग जरा त्रासाचा, तपासणीच्या वेळी बहुतेक झोपेचं इंजेक्शन देतात, आणि आत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, दिसला तर बऱ्याचदा तिथल्या तिथे काढता येतो, कॅन्सर व्हायच्या आधीच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे तारीख घेतानाच सांगायचं, आणि परत येताना गाडी चालवायला घरातलं कोणीतरी सोबत न्यायचं.