जुने छताचे पंखे: ओळखताना आणि जोडताना या चुका टाळा

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुना पंखा पाहणारा माणूस सगळ्यात आधी छताकडच्या वाटीवरचे नाव वाचतो आणि पहिली चूक तिथेच करतो. वाटी, दांडी, मोटर, पाती आणि रेग्युलेटर हे सारे सुटे भाग आहेत. साठ-सत्तर वर्षांच्या वापरात ते अनेकदा बदलले जातात, आणि विक्रीसाठी पंखा उभा करताना हाताशी असेल त्या मोटरीला शोभेल ती वाटी लावली जाते. म्हणून ओळख पटवायची ती मोटरीच्या बिडाच्या कवचावर रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवरून. त्या पट्टीचीही साक्ष तपासून घ्यावी: तिच्या कडेभोवती जुना रंग अखंड असेल तर ती मूळची मानायला हरकत नाही, पण रिव्हेटच्या जागी चकचकीत नवे स्क्रू दिसले किंवा पट्टीच्या मागे जास्तीची भोके आढळली, तर ती दुसऱ्या पंख्यावरून आली असण्याची शक्यता धरावी.

पट्टीवरून साल ठरवताना घाई फार होते. ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘कलकत्ता’ एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कलकत्त्याचे अधिकृत इंग्रजी नाव 2001 पर्यंत तेच होते. त्यापेक्षा लहानसहान खुणा अधिक बोलतात. आयएसआयची मोहर असेल तर पंखा 1955 च्या आधीचा असू शकत नाही, कारण त्या प्रमाणनाची सुरुवातच त्या वर्षी झाली. विजेच्या वारंवारतेसाठी ‘सायकल्स’ऐवजी ‘हर्ट्झ’ लिहिले असेल तर तो बहुधा 1960 च्या अलीकडचा समजावा. पात्यांचा घेर इंचांत आहे की मिलिमीटरमध्ये, हेही पाहावे, कारण मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा आहे. क्रॉम्प्टनच्या पंख्यांत तर नावातच काळ दडलेला असतो: मुंबईतला क्रॉम्प्टन पार्किन्सनचा कारखाना 1937 चा, तर क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज हे नाव 1966 च्या एकत्रीकरणानंतरचे. या खुणांनी एका टोकाची मर्यादा कळते, नेमके साल नव्हे. विक्रेत्याने सांगितलेले साल वहीत लिहायचेच असेल तर ‘सांगीव’ असा शेरा मारूनच लिहावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र ओळखीची नसून जोडणीची आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. मुंबईच्या दारूखाना भागातल्या जहाजांच्या भंगारातून आणलेला एक सुंदर पंखा मी गिरगावातल्या घरी सरळ 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर लावला. तो क्षणभर गुरगुरला, हलला नाही, आणि खोलीत जळक्या व्हार्निशचा वास पसरला. तो डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालणारा पंखा होता; घरातली वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी असते. जहाजांवरचे अनेक जुने पंखे डीसीचे असतात, आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांतले 24 किंवा 110 व्होल्ट डीसीचे. मोटरीचे झाकण उघडून तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर टेकलेले कार्बन दिसतात का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांच्या आळसापायी मूळचे वायंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, कायमचे गेले. अमेरिकी पंख्यांत निराळी अडचण असते. ते बहुधा 110 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचे असतात. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येते, पण आपल्या 50 हर्ट्झवर मोटर सुमारे एक षष्ठांशाने मंद फिरते आणि अधिक तापते.

एसीचा पंखा असल्याची खात्री झाल्यावरही तो थेट लावू नये. लोहार चाळीतले जुने कारागीर ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात, त्यावर 100 वॅटच्या पिवळ्या बल्बसोबत, वीज बल्बमधून पुढे पंख्यात जाईल असा, तो आधी जोडावा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत शॉर्ट आहे, हे पंखा न जळता कळते. त्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) वायंडिंग आणि कवच यांच्यामधला रोध मोजून घ्यावा. तो 2 मेगओहमच्या खाली असेल तर पंखा लावू नये. मात्र मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये सुती आवरणाच्या तारा हवेतली ओल शोषून घेतात आणि चांगल्या मोटरीचाही आकडा खाली येतो. अशा वेळी रिवायंडिंगचा निर्णय लगेच न घेता मोटर उघडून बल्बच्या उबेत दोन-तीन दिवस सुकवावी आणि पुन्हा मोजावे. हे न केल्यामुळे कितीतरी मूळ वायंडिंग विनाकारण भंगारात गेली आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

हाताने ढकलल्यावरच फिरणाऱ्या पंख्याची मोटर जळली, असे समजणे हीदेखील चूकच आहे. बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, क्वचित सुरुवातीचे वायंडिंग तुटलेले असते. नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या मापाचाच घ्यावा; बाजारात सर्रास मिळणारा 2.5 मायक्रोफॅरडचा प्रत्येक जुन्या मोटरीला मानवत नाही. जुना पत्र्याच्या डबीतला, तेल गळणारा कंडेन्सर फोडून पाहू नये, कारण त्यात पीसीबीसारखे (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) विषारी रसायन असू शकते.

करकर थांबवण्यासाठी खोबरेल तेल घालण्याची सवय घरोघरी आहे. ते काही महिन्यांत चिकट होऊन बुश (मोटरीचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) धरते, म्हणून पातळ खनिज तेलच वापरावे. पंखा डुलत असेल तर दांडी वाकवण्याआधी पाती वजन करून पाहावीत. ती मुळात एका संचातली, तोलून जुळवलेली असतात. एक जरी परके असले तरी डोलणे थांबत नाही.

पितळी पट्टी चिंच-मिठाने किंवा भांड्यांच्या पावडरीने कधीही घासू नये. अक्षरांच्या खाचांतला रंग निघून जातो, आणि त्यासोबत पंख्याचा एकमेव लेखी पुरावा. तिला मऊ कापड आणि साबणाचे पाणी पुरेसे आहे. कवचावरचा जुना रंगही कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता असते.

शेवटी छताची कडी. बिडाचा पंखा आजच्या पंख्यापेक्षा बराच जड असतो, त्यामुळे जुन्या इमारतीच्या तुळईतील कडी गंजलेली नाही ना, हे भार लटकवून पारखावे, आणि रबरी बुश, बोल्ट व स्प्लिट पिन न चुकता नवे घ्यावेत. नव्या फ्लॅटमध्ये, जिथे छत जेमतेम नऊ फूट असते, पाती जमिनीपासून किमान 2.3 मीटर वर राहिली पाहिजेत. इराणी हॉटेलातल्या पंख्याची लांब दांडी तिथे बसत नाही, म्हणून पुष्कळ जण ती कापून टाकतात. तसे करू नये. आखूड दांडी नवी करून घ्यावी आणि मूळ दांडीला तेलाचा हात फिरवून, कोणत्या पंख्याची ते चिठ्ठीवर लिहून, ती जपून ठेवावी.